डिझेल इंजिनाची पहिली ऊब

आमच्या मराठी इतिहासलेखनांत लढाया, तह आणि सनदा यांस जेवढी जागा मिळाली आहे, तिचा शतांशही नांगर, पंप व इंजिन यांच्या वांट्यास आलेला नाहीं. पानिपतावर कोणाची फौज किती होती यावर आम्ही तावातावानें वाद घालूं. परंतु आमच्या आजोबांच्या विहिरीवरील मोट कोणत्या सालीं थांबली आणि तिच्या जागीं इंजिन कसें आलें, हें सांगणारा कागद घरांत शोधूं म्हटलें तर सांपडत नाहीं. वास्तविक सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचें गेल्या शंभर वर्षांतील जीवन ज्या गोष्टींनीं पालटलें, त्यांत राजकीय उलाढालींच्या बरोबरीनें तेलावर चालणाऱ्या यंत्राची गणना करावी लागेल. त्या यंत्राच्या इतिहासांतील एक लहानसें प्रकरण आम्ही येथें वाचकांपुढें मांडणार आहों. तें प्रकरण म्हणजे थंड पडलेलें डिझेल इंजिन सुरू करण्याचें.

विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. पौषांतील पहाट आहे, कृष्णाकांठच्या मळ्यावर धुकें उतरलें आहे, आणि जुन्या ट्रॅक्टरवर बसलेला शेतकरी चावी अर्धीच फिरवून स्वस्थ बसला आहे. तो मनांतल्या मनांत तीस-चाळीसपर्यंत आंकडे मोजतो. एवढ्या वेळांत यंत्र हालत नाहीं, कीं आवाज करीत नाहीं. मग तो चावी पुढें ढकलतो, धुराचा एक पांढरा लोट निघतो, आणि ट्रॅक्टर बोलूं लागतो. त्या स्तब्ध अर्ध्या मिनिटांत इंजिनाच्या डोक्यांत बसविलेली एक लहानशी तार बॅटरीच्या विजेनें लाल होत असते. या उपकरणास चालक व फिटर लोक ‘हीटर प्लग’ म्हणतात. प्रश्न असा आहे कीं, जें यंत्र ठिणगीवांचून स्वतःच आग निर्माण करतें म्हणून जगांत नांवाजलें, त्यास आरंभीं कोणाची तरी उसनी आंच कां लागावी? या प्रश्नाचें उत्तर शोधीत गेलें म्हणजे मनुष्य जर्मनीतील प्रयोगशाळेंतून थेट किर्लोस्करवाडीच्या माळावर येऊन पोंचतो, आणि यंत्राविषयीं विचारलेला प्रश्न उद्योगांविषयींही विचारण्यासारखा आहे असें त्यास दिसून येतें.

सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक चांगलें तापतें, हा अनुभव शाळेंतील मुलासही असतो. हवा कोंडून दाबली कीं ती तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनें याच साध्या गोष्टीवर आपलें यंत्र उभारलें. १८५८ सालीं पॅरिस येथें जन्मलेल्या या गृहस्थानें १८९२ सालीं आपल्या कल्पनेचें पेटंट मागितलें, आणि १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथील कारखान्यांत त्याचें इंजिन समाधानकारक रीतीनें चाललें. इंधनांतील उष्णतेपैकीं सुमारें शेंकडा २६ भाग त्या इंजिनानें कामांत उतरविला. त्या काळच्या सामान्य वाफेच्या यंत्रास याच्या निम्मेंही साधत नव्हतें.

पेट्रोलच्या इंजिनांत इंधन व हवा यांचें मिश्रण ठिणगीनें पेटवितात. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नाहीं. तेथें सिलिंडरमध्यें नुसती हवा घेऊन ती मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबतात, आणि ती तापली म्हणजे तींत तेलाचा बारीक फवारा सोडतात. सत्तावीस अंश उष्णतेची हवा अठरावा हिस्सा उरेपर्यंत दाबली आणि तिची उष्णता यत्किंचितही बाहेर गेली नाहीं, तर गणितानें ती ६८० अंशांच्या आसपास पोंचते. डिझेल तेल तर सव्वादोनशें-अडीचशें अंशांवरच आपोआप पेट घेतें. तेव्हां कागदावर पाहतां अडचण कांहींच दिसत नाहीं.

अडचण आहे ती ‘उष्णता बाहेर गेली नाहीं तर’ या अटींत. रात्रभर थंडींत पडलेलें बिडाचें सिलिंडर दाबलेल्या हवेची ऊब क्षणांत शोषून घेतें. वंगणाचें तेल घट्ट झालेलें असतें. बॅटरीचा जोर थंडीनें उतरलेला असतो. त्यामुळें इंजिन मंद फिरतें. मंद फिरल्यामुळें हवेस थंड होण्यास अधिक अवधि मिळतो, आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून ती निसटूनही जाते. अशा वेळीं फवारलेलें तेल न पेटतां पांढऱ्या धुराच्या रूपानें बाहेर पडतें. एकदां इंजिन चालू झालें म्हणजे मात्र ही चिंता उरत नाहीं. प्रत्येक स्फोट पुढील स्फोटाची तयारी करून ठेवतो. अडतें तें पहिल्या स्फोटापाशीं.

डिझेलच्या आधींच एका इंग्रज यंत्रज्ञानें या अडचणीवर उपाय योजला होता. हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट यानें १८९० सालीं पेटंट घेतलेल्या इंजिनांत सिलिंडरच्या डोक्याशीं बिडाचा एक पोकळ गोळा असे. इंजिन सुरू करण्यापूर्वी हा गोळा बाहेरून दिव्यानें तापवावयाचा. तो तापला म्हणजे आंत उडालेलें तेल त्याच्या अंगाशीं लागून पेटे. आणि पुढें इंजिनाच्या स्वतःच्या आंचेनेंच गोळा तापलेला राही. ग्रँथम येथील हॉर्न्स्बी कंपनीनें हीं इंजिनें बाजारांत आणलीं, आणि त्यांच्या जातीचीं इंजिनें पुढें पन्नास-साठ वर्षें जगभर चाललीं. जर्मनींतील लान्झ कंपनीनें १९२१ सालीं काढलेला ‘बुलडॉग’ ट्रॅक्टर याच तत्त्वावर चालत असे. त्याचा चालक सकाळीं प्रथम ट्रॅक्टरच्या नाकाखालीं ज्योतीचा दिवा लावून ठेवी, आणि गोळा लाल होईपर्यंत आपली इतर कामें उरकी. हें इंजिन इतकें भाबडें होतें कीं, सुरू करतांना झोंका चुकला तर तें उलट्या दिशेनेंही तितक्याच आनंदानें फिरूं लागे.

आमच्या इकडे अशा इंजिनांस ‘क्रूड ऑइल इंजिन’ हें नांव होतें. खेड्यांतील कित्येक पिठाच्या गिरण्या त्यांवर चालत. धुराड्याच्या तोंडाशीं उठणारी ती एकसुरी कुक्-कुक् दोन कोसांवर ऐकूं जाई, आणि ती ऐकल्यावर बायका दळणाच्या पाट्या डोक्यावर घेऊन घराबाहेर पडत. त्या कुक्-कुक्‌च्या आधीं मात्र गिरणीवाल्याची एक मूक साधना चाले. स्टोव्हसारखा पंप मारून ब्लो-लॅम्प पेटवावयाचा, त्याची निळी ज्योत इंजिनाच्या डोक्यावर धरावयाची, आणि नंतर ते भलेमोठे चाक हातानें झोंके देऊन फिरवावयाचें. चाकानें उलटा हिसका दिला म्हणजे मनगट दुखावे. आज ज्या कामास आपण एक चावी लावतों, तें काम त्या काळीं माणसाच्या दंडानें व धीरानें होत असे, ही गोष्ट इतिहासानें विसरूं नये.

आतां आपण या यंत्राच्या मराठी जन्मस्थानांकडे वळूं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९०३ सालीं बेळगांव येथें पहिला लोखंडी नांगर बनविला. लोखंडानें जमीन विषारी होते, अशी समजूत असल्यामुळें तो विकत घेण्यास शेतकरी धजेना, आणि पहिले नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं. पुढें बेळगांवची जागा सोडण्याचा प्रसंग आला, तेव्हां औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडलजवळच्या माळावर ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचें कर्ज दिलें. निवडुंगानें भरलेल्या त्या माळावर १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. बाळासाहेब गादीवर येऊन तेव्हां पुरतें एक वर्षही झालें नव्हतें. औंध हें एक लहानसें संस्थान. त्याच्या खजिन्यास दहा हजारांची रक्कम कांहीं हलकी नव्हती.

त्याच सुमाराच्या एका दुसऱ्या उद्योगाचाही येथें उल्लेख केला पाहिजे. धनजीशा कूपर या साताऱ्याच्या पारशी गृहस्थांनीं १९२२ सालीं सातारा रोड येथें लोहमार्गालगत कारखाना काढला. हेच कूपर पुढें १९३७ सालीं एप्रिलपासून जुलैपर्यंत मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान होते; परंतु त्या साडेतीन महिन्यांच्या प्रधानकीपेक्षां त्यांच्या कारखान्याचें कर्तृत्व आम्हांस अधिक टिकाऊ वाटतें. येथेंही आरंभ नांगरांनींच झाला, आणि १९३० नंतरच्या दशकांत येथें डिझेल इंजिनें तयार होऊं लागलीं. हिंदुस्थानांत प्रथम डिझेल इंजिन बनविण्याचा मान याच कारखान्यास दिला जातो. पुढें १९४० च्या सुमारास तो शेठ वालचंद हिराचंद यांच्या समूहांत गेला. किर्लोस्करांनीं १९२६ सालीं पंप बनविण्यास आरंभ केला होता. इंजिनांसाठीं त्यांनीं १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही निराळी कंपनी स्थापन केली. याप्रमाणें पुणें-मिरज लोहमार्गाच्या कांठानें हिंदुस्थानांतील तेलयंत्राच्या धंद्याची एक सबंध साखळीच उभी राहिली.

या साखळीचें महत्त्व समजण्यासाठीं मोटेचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. दोन किंवा चार बैल, धांवेवरून वरखालीं अखंड येरझारा, आणि दिवसाअखेर भिजणारें कांहीं गुंठे रान. पूर्वेकडील माण, खटाव, जत, आटपाडी या भागांत तर विहिरीच्या तळाशीं असलेलें पाणी वर काढतां काढतां बैल थकून जात. इंजिन व पंप यांची जोडी आली, आणि पाण्याची गांठ बैलाच्या खांद्यापासून सुटली. परंतु या इंजिनाच्या सुरुवातीसही हाताचेंच बळ लागे. त्याची रीत अशी: डिकम्प्रेशनची दांडी उचलून धरावयाची, म्हणजे सिलिंडरमधील झडप उघडी राहून हवा दाबली जात नाहीं, मग हँडल मारून जड चाकास वेग आणावयाचा, आणि वेग भरल्याबरोबर दांडी सोडावयाची. चाकांत सांठलेलें बळ एकदम हवेवर पडतें आणि पहिला स्फोट होतो. पाहणाऱ्यास ही केवळ युक्ति वाटेल. पण तिच्यांत एक मार्मिक तत्त्व आहे. सिलिंडर बाहेरून तापवितां येत नसेल, तर हवा इतक्या त्वरेनें दाबावी कीं, तिला थंड होण्यास उसंतच मिळूं नये. म्हणजे दिव्याच्या आंचेची जागा येथें दंडाच्या वेगानें घेतली.

एका सिलिंडरच्या विहिरीवरील इंजिनास ही युक्ति पुरत असे. ट्रॅक्टरचें इंजिन दोन, तीन किंवा चार सिलिंडरांचें. तें हातानें वेगांत आणणें कठीण. शिवाय जुन्या ट्रॅक्टरांपैकीं पुष्कळांत आणखी एक गोष्ट आडवी येई. मॅनहाइम येथील बेन्झ कंपनींतील प्रॉस्पर लोरांज यानें १९०९ सालीं पूर्वकोठीची योजना काढली होती. तींत तेल थेट सिलिंडरमध्यें न सोडतां डोक्यांतील एका लहान कोठींत सोडतात. तेथें ज्वलनास आरंभ होऊन ज्वाळा अरुंद वाटेनें मोठ्या सिलिंडरमध्यें झेंपावतात. या योजनेनें इंजिन लहान, हलकें व सौम्य आवाजाचें करतां आलें, आणि १९२३ च्या सुमारास बेन्झ-सेंडलिंग हा पहिला डिझेल ट्रॅक्टर जर्मनींत शेतावर उतरला. पण कोठी व तिची अरुंद वाट यांमुळें हवेस थंड भिंतींचा स्पर्श अधिक होऊं लागला, आणि थंडींतील पहिला स्फोट पूर्वीपेक्षांही दुर्घट झाला.

या अडचणीवर निरनिराळ्या देशांनीं निरनिराळे तोडगे काढले. अमेरिकेंतील कॅटरपिलर कंपनीनें १९३१ च्या आपल्या डिझेल ट्रॅक्टरवर पेट्रोलचें एक छोटें इंजिनच बसविलें. तें आधीं सुरू करावयाचें, आणि त्यानें मोठ्या इंजिनास फिरवावयाचें. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा १९३५ चा ट्रॅक्टर प्रथम पेट्रोलवर चाले, आणि अंग तापल्यावर डिझेल घेई. इंग्लंडांतील ‘फील्ड मार्शल’ या १९४५ च्या ट्रॅक्टरांत सोऱ्यांत भिजवून वाळविलेल्या कागदाची धुमसती सुरळी सिलिंडरच्या डोक्यांत खोंचीत, आणि हवें तर बंदुकीच्या काडतुसाचा बार उडवून पिस्टनला पहिला धक्का देत. या सर्वांत सुटसुटीत तोडगा हीटर प्लगाचा ठरला. पूर्वकोठींत शिरलेलें त्याचें टोंक विजेनें लाल होतें, आणि फवाऱ्यांतील कांहीं थेंब त्या तप्त टोंकाशींच पेट घेतात. गिरणीवाल्याचा ब्लो-लॅम्प जणूं बोटाएवढा होऊन इंजिनाच्या आंत जाऊन बसला.

हा प्लग आमच्या शेतकऱ्याच्या परिचयाचा झाला तो मुख्यतः १९६० नंतर. १९६२ पासून कोयनेची वीज वाहूं लागली, आणि विहिरींवरील तेलइंजिनांच्या जागीं हळूहळू विजेच्या मोटारी आल्या. त्याच काळांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले, उंसाचें क्षेत्र वाढलें, आणि खोल नांगरटीसाठीं व उंसाच्या वाहतुकीसाठीं ट्रॅक्टर हवासा झाला. १९६३ सालीं महिंद्र, व्होल्टास व अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारींत मुंबईस ट्रॅक्टर कंपनी निघाली; तिचा पहिला प्रसिद्ध ट्रॅक्टर म्हणजे बी-२७५. हें मूळचें इंग्लंडांत घडलेलें यंत्र. त्याचें इंजिन कोठीच्या जातीचें, आणि त्यामुळें हीटर प्लगाची अपेक्षा ठेवणारें. साताऱ्या-सांगलीकडे पहाटेचा पारा हिंवाळ्यांत दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, आणि महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं तर एखाद्या वर्षीं दंवही गोठतें. युरोपच्या मानानें ही थंडी कांहींच नव्हे. पण जीर्ण रिंगांच्या इंजिनास आणि उतरलेल्या बॅटरीस तीही पुरे होते.

जुन्या पद्धतीच्या प्लगांत तारेचें एक उघडें वेटोळें असे, आणि सर्व सिलिंडरांचे प्लग एकामागून एक असे एकाच वाटेनें जोडलेले असत. देवळांतील दिव्यांच्या जुन्या माळेंत एक दिवा गेला कीं सगळी माळ विझते. तसेंच येथेंही एक तार तुटली कीं चारी प्लग थंड. कित्येक यंत्रांत चालकासमोरील फळीवर तसेंच एक वेटोळें जाळीआड ठेवलेलें असे. तें लाल दिसलें म्हणजे आंतले प्लगही तापले असें समजावें. तें मुळींच लाल झालें नाहीं तर कोठें तरी तार तुटली. आणि नेहमीपेक्षां भडक झालें तर कोठें तरी वीज आडवाटेनें जात आहे. ज्याला अक्षरओळख नव्हती असाही चालक त्या एका वेटोळ्यावरून आपल्या इंजिनाची नाडी पाहूं शकत असे. पुढें तार धातूच्या आवरणांत बंद झाली, प्रत्येक प्लगास स्वतंत्र वाट मिळाली, आणि अर्ध्या मिनिटाचें काम कांहीं सेकंदांवर आलें.

प्लग निकामी झाल्यावर जे घरगुती उपाय चालत, ते मात्र सगळेच निरुपद्रवी नव्हते. रेडिएटरमध्यें गरम पाणी ओतणें, ट्रॅक्टर रात्रीं उतारावर उभा करून सकाळीं ढकलणें, हे साधे उपाय. कोणी पेटता बोळा हवेच्या तोंडाशीं धरी. कोणी तेलाच्या टाकीखालीं गोवऱ्यांचा जाळ करी. यांत ट्रॅक्टरच पेटण्याचें भय असे. सर्वांत घातक उपाय म्हणजे इंजिनांत ईथरचा फवारा मारणें. ईथर फार थोड्या आंचेनें पेटतें. आंत हीटर प्लग तापलेला असेल तर तें अवेळीं भडकून इंजिन फोडतें आणि मनुष्यासही जायबंदी करतें. दोन उपाय एकत्र केले म्हणजे गुण दुप्पट होतो, ही आपली समजूत औषधांत जशी चुकीची, तशीच यंत्रांतही.

आणि मग एके काळीं अत्यावश्यक असलेला हा प्लग ट्रॅक्टरवरून बहुतांशीं नाहींसा झाला. त्याचें कारण ट्रॅक्टरच्या अंगावरच लिहिलेलें आहे. २७५ या आंकड्यापुढें पुढील काळांत ‘डीआय’ हीं दोन अक्षरें रंगविलेलीं दिसूं लागलीं. हजारों शेतकऱ्यांनीं तीं वाचलीं. बहुतेकांनीं तीं नांवाचाच भाग समजून सोडून दिलीं असतील. त्यांचा अर्थ असा कीं, या इंजिनांत तेलाचा फवारा कोठींत न जातां थेट सिलिंडरमध्यें जातो. कोठीच्या थंड भिंती गेल्या, हवेची ऊब हवेपाशींच राहिली, तेलाचा खर्चही कमी झाला, आणि आमच्या हवेंत तरी पहिल्या स्फोटासाठीं उसन्या आंचेची गरज सहसा उरली नाहीं. हीटर प्लग आज मुख्यतः मोटारींत, आणि जुनीं कोठीचीं इंजिनें जेथें अजून चालूं आहेत तेथें, आपलें काम मुकाट्यानें करीत आहे.

येथवर यंत्राचा इतिहास झाला. त्यांतून निघणारा विचार आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. वर सांगितलेल्या प्रत्येक युक्तींत एक गोष्ट समान आहे. यंत्राची शक्ति त्याच्या स्वतःच्या पोटांत आहे. ती बाहेरून कोणी देत नाहीं. परंतु ती जागी होण्यापूर्वी थोडीशी ऊब बाहेरून द्यावीच लागते. ती न देतां कोणी ‘यंत्र निकामी आहे’ असें म्हणेल तर तो यंत्राचा दोष नव्हे. आमच्या प्रांतांतील उद्योगांचें नेमकें असेंच झालें. लक्ष्मणरावांच्या अंगचें कसब बेळगांवींही होतें आणि कुंडलच्या माळावरही होतें. मधल्या काळांत त्यांस जर कांहीं लाभलें असेल तर तें एका संस्थानिकाचा विश्वास आणि दहा हजारांचें कर्ज. नांगर विकत घेण्यास धजलेल्या पहिल्या कांहीं शेतकऱ्यांनींही हीच ऊब पुरविली. त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत, तरी त्यांचा वांटा राजाच्या वांट्याहून कमी मोलाचा होता असें आम्हांस वाटत नाहीं.

बाळासाहेबांच्या चरित्रांत दुसरीही एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ज्यांनीं १९१० सालीं यंत्रांच्या कारखान्यास जमीन दिली, त्यांनींच १९३९ सालीं महात्मा गांधींच्या मार्गदर्शनानें आपल्या प्रजेस ग्रामपंचायतींवर आधारलेलें स्वराज्य दिलें. यंत्र कीं खेडें, हा वाद त्या पिढींत मोठ्या आवेशानें चालला होता. औंधच्या या राजास त्या दोहोंत विरोध दिसला नसावा. शेतकऱ्याच्या बैलाचा भार उतरविणारें यंत्र आणि शेतकऱ्याच्या हातीं कारभार देणारी पंचायत, या दोन्हींकडे त्यांनीं सारख्याच विश्वासानें पाहिलें. किर्लोस्करवाडींतून नांगर व पंप बाहेर पडत, तशींच ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ हीं मासिकेंही बाहेर पडत. लोखंड ओतणाऱ्या वसाहतींत वाङ्मयही वाढलें. हा योगायोग नव्हे. ज्या ठिकाणीं माणसाच्या खांद्यावरील ओझें कमी होतें, तेथें त्यास वाचण्यास व विचार करण्यास उसंत मिळते.

परंतु उबेची ही गोष्ट अर्धीच सांगून चालणार नाहीं. हीटर प्लगाविषयीं जाणता फिटर नवशिक्यास पहिला धडा देतो तो असा कीं, तो वेळेवर बंद करावा. जुनी तार फार वेळ तापत ठेवली तर ती जळून तुटते, आणि बॅटरीही रिकामी होते. मग इंजिन फिरविण्यासच जोर उरत नाहीं. आधार देणारें साधनच आधार देतां देतां अडथळा होऊन बसतें. स्वातंत्र्यानंतर आमच्या उद्योगांस आयातबंदीचा व परवान्यांचा जो आश्रय मिळाला, त्याकडे या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. आरंभीं तो आवश्यक होता याबद्दल आम्हांस शंका नाहीं. परदेशी मालाच्या थंड वाऱ्यांत आमचीं कित्येक इंजिनें पेटलींच नसतीं. परंतु १९५१ च्या औद्योगिक नियमनाच्या कायद्यापासून १९९१ पर्यंत चाळीस वर्षें चावी त्याच जागीं राहिली. किती माल काढावा, कोणतें यंत्र बनवावें, याची परवानगी दिल्लीस मागावी लागे. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनीं या पद्धतीवर जन्मभर टीका केली. आपल्या इंग्रजी आत्मचरित्रास त्यांनीं ‘कॅक्टस अँड रोझेस’ असें नांव दिलें. त्यांत माळावरचा निवडुंगही आहे आणि गुलाबही. त्यांची सर्वच मतें आम्हांस पटतात असें नाहीं. कारखानदाराची दृष्टि आणि मजुराची अथवा शेतकऱ्याची दृष्टि एक असणार नाहीं. पण उबेची मुदत ठरलेली असावी, हें त्यांचें म्हणणें यंत्रशास्त्रानेंही खरें ठरविलें आहे.

उलट पक्षीं, जे लोक आज सर्व आश्रय एकदम काढून घ्यावा असें सांगतात, त्यांनींही डीआय या दोन अक्षरांचा इतिहास पाहावा. प्लग काढून टाकतां आला तो कोणी रागानें उपटून फेंकला म्हणून नव्हे. इंजिनाची आंतली रचनाच सुधारली आणि त्याला स्वतःची ऊब राखतां येऊं लागली, म्हणून. जत-आटपाडीचा कोरडवाहू शेतकरी, गांवचा लहान लोहार, नुकताच उभा राहूं पाहणारा कारागीर यांचें पूर्वकोठीचें इंजिन अजून जुनेंच आहे. त्याची रचना न सुधारतां प्लग तेवढा काढून घेतला, तर पांढरा धूर निघेल आणि यंत्र जागचें हालणार नाहीं. आणि मग आपणच म्हणूं कीं, या लोकांत उद्योगाचें अंगच नाहीं.

तात्पर्य, ऊब किती द्यावी आणि किती वेळ द्यावी, या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें यंत्रापाशीं जाऊनच द्यावीं लागतात. कृष्णाकांठचा तो चालक मनांतल्या मनांत आंकडे मोजतो तेव्हां तो हेंच करीत असतो. थंडी अधिक असेल तर तो दहा आंकडे अधिक मोजतो, इंजिन आधींच तापलेलें असेल तर मुळींच मोजीत नाहीं. राज्यकारभार चालविणाऱ्यांस एवढें तारतम्य साधलें, तर या दोन जिल्ह्यांच्या माळावर अजून पुष्कळ निवडुंग उरलें आहे, आणि तेथें वाड्या वसविण्याजोगीं माणसेंही आहेत.